लाकडी वस्तऱ्याच्या मुठीला फिनिश कोणतं द्यायचं? पॉलिशच्या दुकानात जाण्याआधी हा हिशोब करा



हाताने बनवलेल्या लाकडी वस्तूंच्या मालिकेत आज आपण एक छोटीशी वस्तू घेतोय. घडीचा वस्तरा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पातं मुठीत मिटणारा. त्याची लाकडी मूठ. व्हिडिओमध्ये मूठ कापण्यापासून पिन ठोकण्यापर्यंत सगळं दाखवलंय. पण एका विषयाला व्हिडिओत पुरेसा वेळ देता येत नाही, तो म्हणजे फिनिश. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी आकडेमोड आहे.

तुम्ही म्हणाल, पॉलिशवर एवढं काय बोलायचं? दुकानातून डबा आणायचा, दोन हात मारायचे, झालं. खुर्ची असेल, फोटोफ्रेम असेल, तर एक वेळ चालेल. पण वस्तऱ्याची मूठ रोज सकाळी ओल्या हातात जाते. तिला साबणाचा फेस लागतो, गरम पाणी लागतं, आफ्टरशेव्हमधलं अल्कोहोल लागतं आणि वापर झाल्यावर ती दमट बाथरूममध्ये पडून राहते. लाकडाचे जेवढे शत्रू आहेत, ते सगळे तिला रोज भेटतात. आकार कितीही सुंदर काढा, तीन महिन्यांनी मूठ पांढरी पडली किंवा वाकली, की गिऱ्हाईक तुमच्या कारागिरीला नाही, तुमच्या नावाला नावं ठेवतं.

आधी गिऱ्हाईक कोण, ते ठरवा

आपल्याकडच्या बहुतेक सलूनमध्ये आता दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड घालायचा वस्तरा वापरतात, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. सलूनमधली हत्यारं पुन्हा पुन्हा जंतुनाशकात बुडवावी लागतात. लाकडी मुठीसाठी ती जागा नाही. त्यामुळे सलूनवाल्याला लाकडी मूठ विकायच्या मागे लागू नका.

तुमचं गिऱ्हाईक आहे घरी स्वतः दाढी करणारा हौशी माणूस, वडिलांना किंवा नवऱ्याला भेट देणारी व्यक्ती, आणि जुने वस्तरे जमवणारा संग्राहक. यातला तिसरा फार महत्त्वाचा. इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगेन, फ्रान्समधलं तिएर या गावांत बनलेली जुनी पाती आजही उत्तम धार धरतात, पण त्यांच्या मुठी गेलेल्या असतात. त्या काळी अनेक मुठी सेल्युलॉइडच्या असायच्या. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजायला लागतं, त्यातून आम्लधर्मी वाफ निघते आणि त्यानेच पातं गंजतं. अशा पात्याला नवीन मूठ लागतेच. आजोबांचा वस्तरा घरात पडून आहे, मूठ तुटलीय, असं कोणी सांगितलं की तिथे तुमचं काम आहे.

पण मग जबाबदारीही वाढते. आजोबांची आठवण तुमच्या हातात दिलेली आहे. तिथे फिनिश चुकलं तर पैसे परत देऊन भागत नाही.

मुठीची रचना समजून घ्या

मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. प्रत्येकीची जाडी साधारण २.५ ते ३ मि.मी. वरच्या टोकाला पातं फिरतं ती पिन, खालच्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये एक छोटी पाचर आणि ती धरून ठेवणारी दुसरी पिन. काही मुठींना मध्ये तिसरी पिन असते. पिना बहुतेक पितळी, साधारण १.६ मि.मी. जाडीच्या.

या रचनेतून फिनिशसाठी चार नियम निघतात.

१. पट्टी दोन्ही बाजूंनी फिनिश करायची. बाहेरून पाच हात आणि आतून काहीच नाही, असं केलं तर आतली बाजू दमट हवा ओढून घेते, बाहेरची घेत नाही, आणि पट्टी वाकते. वाकली की मिटताना पातं लाकडाला घासतं.

२. फिनिश आधी, पिना नंतर. एकदा पिना ठोकल्या की आतल्या बाजूला हात जात नाही.

३. भोकांच्या आतूनही फिनिश द्यायचं. पाणी शिरायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे पिनेचं भोक. काडेपेटीची काडी किंवा दात कोरायची काडी फिनिशमध्ये बुडवून भोकातून फिरवा.

४. थर जाड होऊ द्यायचा नाही. फिरत्या पिनेजवळ थर जाड झाला तर पातं घट्ट फिरतं. आणि फिनिश पूर्ण सुकायच्या आत मूठ जोडली, तर वॉशर त्यात चिकटतो.

आता पर्याय एकेक करून बघू

तेल: अळशीचं किंवा टंग ऑइल

अळशीचं तेल, ज्याला काही भागात जवसाचं तेल म्हणतात, ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' मागायचं. खायचं कच्चं तेल आणू नका, ते सुकायला फारच वेळ घेतं. पातळ हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा हात. असे चार-पाच हात.

फायदा असा की लाकूड लाकडासारखंच दिसतं, हाताला छान लागतं, आणि पुढे गिऱ्हाईक घरीच पुन्हा तेल लावू शकतं. तोटा असा की पाण्यापासून संरक्षण कमी. टंग ऑइल पाण्याला त्यापेक्षा बरं टिकतं, पण महाग असतं. दोन्ही पूर्ण पक्कं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वहीत लिहा. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत. सुकताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. घरातल्या खोलीतून धंदा करणाऱ्यांनी तर हे विसरायचंच नाही.

लाख, म्हणजे चपड्याचं पॉलिश

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश. आपल्या जुन्या फर्निचरची शान. लाखेच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे, त्यात झारखंडचा वाटा मोठा. आपल्या सावंतवाडीचं लाखकाम कोणाला माहीत नाही? पण लाखकामाची ती वस्तू कोरड्या दिवाणखान्यात असते, तुमची मूठ बाथरूममध्ये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे आफ्टरशेव्हचा हात लागला की गेली. ती अल्कलीतही विरघळते, आणि दाढीचा साबण अल्कधर्मी असतो. पाण्याने पांढरे डाग पडतात ते वेगळेच.

म्हणून शेवटचा थर म्हणून लाख नको. पण पहिला थर म्हणून ती फार कामाची आहे. तेलकट लाकडावर दुसरं फिनिश धरत नसेल, तर आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यायचा आणि त्यावर पीयू. लाकडातलं तेल आणि वरचं फिनिश यांच्यामध्ये ती भिंतीसारखी उभी राहते. इथे 'मेण काढलेली' हा शब्द महत्त्वाचा, कारण मेण असलेल्या लाखेवर पीयू नीट धरत नाही.

मेण

मधमाशीचं मेण किंवा कार्नोबा मेण. एकटं मेण हे फिनिश नाहीच. गरम पाण्याने ते मऊ पडतं आणि निघून जातं. दुसऱ्या फिनिशवर शेवटची चमक आणि हाताला गुळगुळीतपणा देण्यासाठी वापरा, तेवढंच.

सीए, म्हणजे इन्स्टंट ग्लू

फेविक्विकच्या जातीचा, सायनोअॅक्रिलेट ग्लू. पातळ सीए कागदी टिश्यूने लाकडावर पसरवायचा, असे आठ-दहा थर, मग ४०० पासून २००० नंबरपर्यंत वॉटर पेपर आणि शेवटी बफ. काचेसारखी चमक येते, लाकूड बंद होऊन जातं, आणि एका-दोन दिवसांत माल तयार. पेन बनवणारे कारागीर हेच वापरतात.

तोटे पण ऐका. थर कडक पण ठिसूळ असतो. मूठ फरशीवर पडली तर टवका उडू शकतो, आणि त्या फटीतून पाणी शिरलं की आत पांढरा डाग दिसतो. दुरुस्ती घरी होत नाही. काही गिऱ्हाइकांना ते 'प्लॅस्टिकसारखं' वाटतं. धूर डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो, म्हणून खिडकी उघडी, पंखा चालू, डोळ्यांवर चष्मा. सुती कापड वापरू नका आणि सुती हातमोजेही घालू नका. कापसावर सीए सांडला तर तो जोरात तापतो आणि चटका बसतो. नायट्राइलचे मोजे घ्या.

पीयू, पातळ करून कापडाने

पॉलीयुरेथेन, दुकानात नुसतं 'पीयू' म्हणतात. स्प्रेने मारायचं दोन डब्यांचं पीयू, म्हणजे बेस आणि हार्डनर, सगळ्यात टिकाऊ असतं. पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, आणि हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतो. योग्य मास्क आणि वेगळी जागा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात करणाऱ्यासाठी मधला रस्ता आहे. ऑइल-बेस एका डब्याचं पीयू घ्या, डब्यावर लिहिलेल्या थिनरने साधारण निम्म्याने पातळ करा आणि बिनतंतूच्या कापडाने पुसत लावा. दिवसाला एक हात, मध्ये ४०० नंबरचा हलका हात. चार-पाच थरांत पाण्याला चांगलं टिकणारं फिनिश मिळतं. थर पातळ राहतो, त्यामुळे लाकडाचा स्पर्शही थोडा शिल्लक राहतो. पक्कं व्हायला आठ-दहा दिवस धरा.

दुकानदार मेलामाइनही सुचवेल, कारण फर्निचरवाले तेच नेतात. घरातल्या कपाटाला ठीक आहे. पण रोज भिजणाऱ्या वस्तूसाठी आपल्या पट्टीवर चाचणी घेतल्याशिवाय घेऊ नका.

रेझिन भरलेलं लाकूड

हा प्रीमियम रस्ता. व्हॅक्यूममध्ये लाकडाच्या छिद्रांत रेझिन भरतात आणि मग ओव्हनमध्ये पक्कं करतात. वर फिनिश जवळजवळ लागतच नाही, घासायचं आणि बफ करायचं. आंब्यासारखं सच्छिद्र, रेघारेघांचं लाकूड यात सुंदर निघतं. घट्ट आणि तेलकट लाकडात मात्र रेझिन नीट शिरत नाही. यंत्रसामग्रीचा खर्च आहे, म्हणून पहिल्या दिवशी नको. ऑर्डरी आल्या की विचार करा.

लाकूड कोणतं, त्यावर फिनिश ठरतं

शिसव आणि शिसम ही तेलकट लाकडं. यांच्यात अशी नैसर्गिक द्रव्यं असतात की अळशीचं तेल वर चिकट राहतं, दिवसेंदिवस सुकत नाही. यांना आधी अॅसिटोनने पुसा, पाच-दहा मिनिटांत फिनिशचा पहिला हात द्या, किंवा वर सांगितलेला लाखेचा हात द्या. सागालाही हेच लागू. बाभूळ घट्ट आणि चिवट, मुठीला उत्तम. फणसाचा पिवळा रंग फोटोत छान दिसतो आणि कोकणातल्या सुताराकडे त्याचे तुकडे सहज मिळतात. ओकसारखं टॅनिन जास्त असलेलं लाकूड टाळा, ओलाव्यात ते पोलादाला गंजवतं.

लाकूड कोणतंही असो, आधी ते वाळलेलं हवं. ओलावा मोजायचं छोटं मीटर घ्या, ८ ते १२ टक्के आला की काम सुरू करा. ओल्या लाकडावर कुठलंही फिनिश टिकत नाही.

आणि पावसाळा! जुलै महिन्यात कोकणात किंवा मुंबईत काम करत असाल तर तेल आणि पीयू हळू सुकतात, लाख पांढरी पडते. सीए मात्र हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे तो लवकर धरतो. म्हणजे ऋतूप्रमाणे डिलिव्हरीची तारीख बदलायला हवी. दिवाळीच्या ऑर्डरी पावसाळ्यात बनतात, हे विसरू नका.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव घालून हीच आकडेमोड करा. समजा, तुमच्या एका तासाची किंमत १५० रुपये आणि महिन्याला २० मुठी.

तेल: हाताचं काम ४० मिनिटं, म्हणजे १०० रुपये. साहित्य १० रुपये. एकूण ११०.

पीयू: हाताचं काम ५० मिनिटं, म्हणजे १२५ रुपये. साहित्य १५ रुपये. एकूण १४०.

सीए: हाताचं काम ९० मिनिटं, म्हणजे २२५ रुपये. साहित्य ६० रुपये. एकूण २८५.

बघा, साहित्याचा खर्च किती किरकोळ आहे. खरा खर्च तुमच्या वेळेचा आहे. स्वस्त डबा शोधत बाजारात फिरू नका, कमी वेळात चांगलं काम होईल अशी पद्धत शोधा.

आता परत येणारा माल. एक मूठ परत आली तर लाकूड १००, पिना ६०, पुन्हा तीन तासांचं काम ४५० आणि जाण्या-येण्याचं कुरिअर २००. एकूण ८१० रुपये. समजा, तेलाच्या २० मुठींतल्या २ परत आल्या. १,६२० रुपये गेले, म्हणजे प्रत्येक मुठीवर ८१ रुपये चढले. ११० रुपयांचं तेल १९१ रुपयांना पडलं. १४० रुपयांचं पीयू आता स्वस्त झालं की नाही?

तिसरी गोष्ट, अडकलेला पैसा. फिनिशच्या आधी एका मुठीत लाकूड १००, पिना ६० आणि दोन तास ३००, असे ४६० रुपये गेलेले असतात. २० मुठींचे ९,२०० रुपये. तेल लावलं तर ते तीन आठवडे फळीवर सुकत बसतात. पीयूला दहा दिवस, सीएला दोन. भांडवल कमी असेल तर हा फरक मोठा असतो.

माझा सल्ला असा. सुरुवातीला पातळ केलेलं पीयू ही मुख्य लाइन ठेवा. चकचकीत भेटवस्तू मागणाऱ्यांसाठी सीए, आणि त्याचा दर जास्त. ज्याला लाकडाची खरी आवड आहे आणि जो वर्षातून दोनदा तेल लावायला तयार आहे, त्याच्यासाठी तेल. एकाच वेळी सहा प्रकार सुरू करू नका.

विकायच्या आधी चाचणी

उरलेल्या लाकडाच्या पट्ट्या फेकू नका. प्रत्येक फिनिशची एक पट्टी करा, मागे नाव आणि तारीख लिहा, आणि पूर्ण सुकल्यावर या चाचण्या घ्या.

- सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर पट्टीचं वजन करा, एक तास ओल्या स्पंजवर ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. ज्या पट्टीचं वजन जास्त वाढलं, तिने पाणी जास्त प्यायलं.
- दाढीच्या साबणाचा फेस पंधरा मिनिटं लावून ठेवा, मग धुवा.
- आफ्टरशेव्हचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा.
- कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका.
- सपाट काचेवर ठेवून वाकलीय का ते बघा.

शक्य असेल तर एक मूठ स्वतः किंवा घरच्या कोणाला तरी ३० दिवस रोज वापरायला द्या. निकाल वहीत लिहा. हीच वही पुढे तुमचं भांडवल आहे.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं

'१०० टक्के वॉटरप्रूफ' असं कधीही लिहू नका. लाकूड आहे ते. त्याऐवजी डब्यात एक छोटं कार्ड घाला: 'वापरानंतर मूठ कोरड्या कापडाने पुसावी. पाण्यात भिजत ठेवू नये. पातं पूर्ण कोरडं करूनच मिटावं. बाथरूमबाहेर, हवेशीर जागी ठेवावं. सहा महिन्यांच्या आत फिनिश निघाल्यास आम्ही विनामूल्य पुन्हा करून देऊ.' चाचण्या केल्या असतील तर हा शब्द द्यायला तुम्हाला भीती वाटणार नाही. आणि हा शब्दच तुमचा दर वाढवतो.

परदेशात पाठवायचं असेल तर शिसव-शिसमकडे लक्ष द्या. ही झाडं ज्या डॅल्बर्जिया वंशात येतात, तो २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. शिसमच्या वस्तूंना २०२२ मध्ये दिलासा मिळाला, प्रत्येक नग १० किलोच्या आत असेल तर साइट्सचा परवाना लागत नाही. तरी लाकूड कायदेशीर असल्याची बिलं जपून ठेवा आणि पाठवण्याआधी कस्टम एजंटशी बोला. बाभूळ किंवा फणस वापरला तर ही कटकटच नाही.

आणि भांडवलासाठी: सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि विनातारण कर्जाचा पहिला हप्ता १ लाखापर्यंत. हाताने सुतारकाम करत असाल तर जवळच्या सेवा केंद्रात चौकशी करा.

या आठवड्याचा गृहपाठ: एकाच लाकडाच्या तीन पट्ट्या, तीन फिनिश, तीनही दोन्ही बाजूंनी. पूर्ण सुकू द्या, चाचण्या घ्या, आणि वर दिलेला हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करा. खर्च फार तर काही शे रुपये येईल. पण पहिली ऑर्डर घेताना 'हे टिकेल का?' असं गिऱ्हाइकाने विचारलं, की तुम्ही वही उघडून दाखवू शकाल.

पुढच्या भागात याच मुठीची किंमत कशी ठरवायची आणि फोटो कसे काढायचे ते बघू. तोपर्यंत कामाला लागा!